*फोन गेला तरी हिशोब जाऊ नये*


आज फवारणीचं काही नाही. आजचा सल्ला फोनचा आहे. जरा लांबलाय, पण सवडीनं पूर्ण वाचा.

गेल्या पावसाळ्यात माझाच फोन पाण्याच्या टाकीत पडला. तांदळात ठेवला, उन्हात ठेवला, काही उपयोग झाला नाही. नंबर नवीन सिमवर परत मिळाला. पण दोन वर्षांचे प्लॉटभेटीचे फोटो गेले. कुठल्या टोमॅटोवर करपा कधी आला, काय मारलं, कशानं थांबला, सगळं त्यातच होतं. तुम्हाला सल्ले देणाऱ्याची ही गत, म्हणून कुणाला नावं न ठेवता सांगतोय.

*आधी काय जपायचं ते बघा.* ७/१२ आणि ८अ ची काळजी करू नका. ते सरकारच्या पोर्टलवरून कधीही परत निघतात, डिजिटल सहीचा ७/१२ तर १५ रुपयांत मिळतो. परत न मिळणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत: गुलटेकडीच्या हिशोबपट्ट्यांचे फोटो, वजनकाट्याच्या पावत्या, फवारणीच्या तारखा, गारपिटीच्या दुसऱ्या दिवशी काढलेले नुकसानीचे फोटो. बियाणं उगवलं नाही तर तक्रार करताना बिल, पिशवी आणि लेबल मागतात. पिशवी बहुतेकांनी जाळलेली असते, उरतो तो फोटो.

"वहीत लिहिलंय की" असं काही जण म्हणतील. वही हवीच. पण २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र कात्रजकरांना सांगायला नको. आंबिल ओढ्याला पूर आला, तिकडे खेड शिवापूरला दर्ग्याजवळ झोपलेली माणसं वाहून गेली. शहर-जिल्ह्यात मिळून वीसहून जास्त जीव गेले. पाणी घरात शिरलं की कपाटातली वही आणि उशाजवळचा फोन एकाच वेळी भिजतो. एकाच घरातल्या दोन प्रती म्हणजे हिशोबाला एकच प्रत. दुसरी घराबाहेर पाहिजे, आणि आपल्याला परवडणारी घराबाहेरची जागा म्हणजे गुगलचं खातं. १५ जीबीपर्यंत फुकट आहे.

*आता खरी अडचण.* बऱ्याच जणांच्या फोनमधलं जीमेल खातं दुकानदारानं नाहीतर भाच्यानं काढून दिलेलं असतं. पासवर्ड कुणालाच माहीत नाही. अशा खात्यात बॅकअप घेणं म्हणजे गोदामात माल भरून किल्ली हरवणं. म्हणून आज एवढं तरी करा: सेटिंग्जमध्ये 'गुगल' उघडून कुठला ईमेल आहे ते बघा. पासवर्ड माहीत नसेल तर फोन हातात चालू आहे तोवर बदलून घ्या. तुमचा मोबाईल नंबर खात्याला जोडलाय का तेही बघा. घरातल्या दुसऱ्या कुणाचा नंबर जोडता आला तर आणखी चांगलं. ईमेल आणि पासवर्ड रेशनकार्डाच्या पिशवीत लिहून ठेवा आणि तीच चिठ्ठी दुसऱ्या गावातल्या भावाकडे किंवा लेकीकडेही द्या. पासवर्ड आणि ओटीपी बाहेरच्या कुणाला सांगायचा नाही, *आपल्या कंपनीतून बोलतोय म्हणणाऱ्यालाही नाही.*

पुढचं सोपं आहे.

📷 *फोटो:* 'गुगल फोटोज' उघडा, वर कोपऱ्यातल्या गोलावर दाबा, बॅकअप चालू करा. यात फक्त कॅमेऱ्याचे फोटो जातात. अडत्यानं व्हॉट्सॲपवर पाठवलेली पट्टी जात नाही. त्यासाठी बॅकअपच्या सेटिंगमध्ये फोनमधलं व्हॉट्सॲप इमेजेसचं फोल्डर वेगळं चालू करावं लागतं. पण त्याआधी ग्रुपवरचे फोटो आपोआप उतरणं बंद करा, नाहीतर तुमची १५ जीबी 'शुभ सकाळ'च्या गुलाबांनीच भरेल 😄

💬 *व्हॉट्सॲप:* सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप. रोज किंवा आठवड्याला निवडा. हाही आता त्याच १५ जीबीत मोजला जातो, म्हणून व्हिडिओ वगळा. नवीन फोनमध्ये तोच नंबर आणि तेच जीमेल खातं असेल तरच जुनी चॅट परत येते.

📞 *नंबर:* नवीन नंबर सेव्ह करताना 'सिम' किंवा 'फोन' न निवडता गुगल खातं निवडा.

🌾 *ई-पीक पाहणी:* रेंज नसताना केलेली नोंद फोनमध्येच थांबते. ती अपलोड होईपर्यंत ॲप काढू नका, फोन रिसेट करू नका. दुरुस्तीवाल्याकडे देण्याआधीही हे बघा.

⚠️ एक चूक सारखी होते. फोन भरला म्हणून गुगल फोटोजमधून फोटो डिलीट करतात आणि समजतात की वरची प्रत राहिली. नाही राहत, दोन्हीकडून जातो. बॅकअप झालेला फोटो ट्रॅशमध्ये ६० दिवस असतो, तेवढ्यात परत घेता येतो. जागा हवी असेल तर 'जागा मोकळी करा' हेच बटण वापरा.

बॅकअप खरंच होतोय का, हे दुसऱ्या फोनवर बघायचं. घरातल्या कुणाच्या तरी फोनवर तुमच्या खात्यानं गुगल फोटोज उघडा. गेल्या आठवड्यातली पट्टी दिसली तर काम झालं. बघून झाल्यावर खातं काढून टाका.

डेटा कमी असेल तर बॅकअप 'फक्त वायफायवर' असा ठेवा. घरी वायफाय नसेल तर कात्रजच्या ऑफिसात या, इथे लावून देतो. चार्जर सोबत आणा, पहिल्यांदा दोन-तीन तास लागतात. दुपारी दोननंतर मी असतो, सोमवारी प्लॉटवर.

– तुमचा कृषी सल्लागार