वाट काढणाऱ्या पेशी

खेळताना पडलो, की गुडघा फुटतो. रक्त येते. थोड्या वेळाने रक्त गोठते आणि जखमेवर खपली धरते. काही दिवसांनी खपली पडते. तिच्याखाली कोवळी, गुलाबी कातडी दिसते. ती गुलाबी का असते? जखम भरून येताना तेथे बारीक रक्तवाहिन्यांचे नवे जाळे तयार होते, म्हणून. या नव्या वाहिन्या कोठून आल्या? त्यांना वाट कोणी दाखवली?

आधी आपल्या खानदेशातले एक उदाहरण पाहू. धुळे जिल्ह्यात पांझरा नदीच्या काठचे शेतकरी तीनशेहून अधिक वर्षांपासून फड पद्धतीने शेतीला पाणी देत आले आहेत. नदीवर बंधारा घालतात. बंधाऱ्यापासून पाट निघतो. पाटाला चाऱ्या फुटतात. चारीचे पाणी शेतात जाते. पाण्याची पाळी पाटकरी सांभाळतो. जेथे चारी पोहोचत नाही, तेथले पीक सुकते.

आपल्या शरीरातही असेच जाळे आहे. हृदयातून निघणारी मोठी धमनी म्हणजे पाट. केसाहूनही बारीक अशा केशवाहिन्या म्हणजे चाऱ्या. शरीरातील बहुतेक पेशींपासून केशवाहिनी एका मिलिमीटरच्या पाचव्या भागाहून दूर नसते. ती याहून दूर गेली, तर पेशींना प्राणवायू पुरत नाही.

या केशवाहिन्या माणसाला फार उशिरा दिसल्या. तेराव्या शतकात इब्न अन-नफीस हे थोर हकीम कैरो शहरात होते. हृदयाच्या उजव्या बाजूचे रक्त फुफ्फुसांतून डाव्या बाजूला येते, असे त्यांनी लिहिले. फुफ्फुसात रक्ताला जाण्यासाठी बारीक वाटा असल्या पाहिजेत, असा त्यांचा तर्क होता. रक्त शरीरभर फिरून पुन्हा हृदयात येते, हे विल्यम हार्वे यांनी 1628 मध्ये दाखवून दिले. 1661 मध्ये मार्सेलो मालपिगी यांनी बेडकाचे फुफ्फुस सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि त्या बारीक वाटा प्रत्यक्ष दिसल्या.

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. शरीरात पाटकरी नाही. मग नवी वाहिनी कोणत्या दिशेला वाढवायची, हे कोण ठरवते? हे काम पेशीच आपसांत ठरवतात.

जखमेतील पेशींना प्राणवायू कमी पडला, की त्या एक रासायनिक संदेश सोडतात. त्याचे नाव व्हीईजीएफ. जवळच्या रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरातील पेशींना तो कळतो. 2003 मध्ये होल्गर गेरहार्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या पिलांच्या डोळ्यांतील पडद्यावर हे काम पाहिले. एक पेशी सर्वांच्या पुढे होती. तिला बोटांसारखे बारीक तंतू फुटले होते. जिकडे संदेश दाट, तिकडे ती तंतू पसरून सरकत होती. मागच्या पेशी विभागून संख्येने वाढत होत्या. त्यांचीच पुढे पोकळ नळी होते.

सगळ्याच पेशी पुढे धावल्या, तर नळी बनणार नाही. म्हणून पुढची पेशी शेजारणीला स्पर्शातून निरोप देते, ‘तू मागे राहा.’ मात्र पुढची जागा कायम एकीचीच नसते. मागची पेशीही कधी पुढे येते.

चालण्यापूर्वी प्रत्येक पेशीला आपली पुढची बाजू कोणती व मागची कोणती, हे ठरवावे लागते. यालाच पेशीची ध्रुवता म्हणतात. अशा पेशीतील गॉल्गी संकुल बहुधा केंद्रकाच्या पुढे असते. त्यावरून पेशीचे तोंड कोणीकडे आहे, हे शास्त्रज्ञ ओळखतात.

नळीतून रक्त वाहू लागले, की आणखी एक गोष्ट घडते. पुष्कळशा पेशी प्रवाहाच्या उलट दिशेला तोंड करतात. ज्या फाट्यात रक्त जेमतेम वाहते, तेथल्या पेशी भरपूर रक्त वाहणाऱ्या शेजारच्या वाहिनीत सरकतात. रिकामा फाटा मिटून जातो. ज्या चारीला पाणी येत नाही, ती बुजते, तसेच हे.

हे सारे नीट चालले, तर जखम भरते. बिघडले, तर मात्र नुकसान होते. मधुमेहाने डोळ्याच्या पडद्यातील केशवाहिन्या खराब होतात. पडद्याला प्राणवायू कमी पडतो आणि तो सारखा संदेश पाठवतो. मग कमजोर, वाकड्यातिकड्या वाहिन्या वाढतात. त्या फुटून डोळ्यात रक्त उतरते. दृष्टीही जाऊ शकते. आज डॉक्टर लेसरने उपचार करतात किंवा तो संदेश अडवणारे औषध डोळ्यात टोचतात. पण उपचार वेळेवर व्हायला हवा. सुरुवातीला रोग्याला काहीच जाणवत नाही. म्हणून तुमच्या घरात अब्बा, अम्मी, दादी, नानी, कोणालाही मधुमेह असेल, तर दरवर्षी त्यांचे डोळे तपासून घ्यायला सांगा. पेशी आपली वाट आपण काढतात. ती चुकली तर वेळीच ओळखणे आपल्या हाती आहे.

शब्दार्थ
खपली – जखमेवर धरणारा कडक थर
चारी – पाटातून शेतात पाणी नेणारा लहान कालवा
पाळी – ठरलेली वेळ, क्रम
अस्तर – आतल्या बाजूचा थर
जेमतेम – अगदी थोडे
बुजणे – भरून बंद होणे

स्वाध्याय
1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) फड पद्धतीत पाण्याची पाळी कोण सांभाळतो?
(आ) मालपिगी यांना केशवाहिन्या कशात दिसल्या?
2. पुढची पेशी शेजारच्या पेशीला मागे का ठेवते?
3. पाण्याची चारी व केशवाहिनी यांतील दोन सारख्या गोष्टी लिहा.
4. मधुमेह असलेल्यांनी दरवर्षी डोळे का तपासावेत, हे घरी मराठीत समजावून सांगा.