नेटवर्क कार्ड आणि त्याचा चालक

चालक, म्हणजेच ड्रायव्हर, हा लिनक्सचे कर्नल व नेटवर्क कार्ड यांमधील दुभाषी होय. संगणकात बसविलेले कार्ड चालेनासे झाल्यास प्रथम ‘एलएसपीसीआय -एनएनके’ ही आज्ञा द्यावी. तीत कार्डाचे दोन क्रमांक दिसतात : पहिला निर्मात्याचा, दुसरा त्या प्रकारच्या कार्डाचा. इंटेलचा निर्माता-क्रमांक ८०८६ आहे. कार्डच दिसत नसेल, तर ते नीट बसले आहे का, हे तपासावे. कार्ड दिसते, परंतु ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ नाही, तर चालक जोडला गेलेला नाही, असे समजावे. योग्य चालक ‘मॉडप्रोब’ने भरावा. तरीही कार्ड मुके राहिल्यास ‘डीमेसेज’ने कर्नलची नोंद वाचावी. पुष्कळदा फर्मवेअरची फाइलच डिस्कवर नसते. हा क्रम पाळला नाही, तर निर्दोष कार्ड व्यर्थ टाकून दिले जाते.