रात्री तो कुत्रा कुठे झोपला?



या महिन्याच्या अभ्यासाचा विषय आहे भूतदया. लिहिण्याची सेवा माझ्याकडे आली ती बहुतेक माझ्या फोनमधल्या कुत्र्यांच्या फोटोंमुळे. सकाळचा सुविचार यायच्या आत माझं एखादं पिल्लू ग्रुपवर येऊन बसतं, अशी तक्रार आहेच काही जणांची. तर आज त्यांच्याबद्दलच लिहिते, म्हणजे एकदाचं समजेल मी काय करत असते ते.

नामदेव महाराजांची गोष्ट आपल्या सगळ्यांना पाठ आहे. कुत्रा भाकरी घेऊन पळाला आणि महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी खाऊ नको म्हणून. बालसंस्कार वर्गात ही गोष्ट मी कितीतरी वेळा सांगितली आहे. एकदा पहिलीतल्या एका मुलीने विचारलं, "मग रात्री तो कुत्रा कुठे झोपला?" मला उत्तर देता आलं नाही. सगळी मुलं माझ्याकडे बघत होती. मी पुढची गोष्ट सुरू केली.

भाकरी घालणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. पहिली पोळी गायीची, शेवटची कुत्र्याची, ही रीत अजून घराघरांत चालते. आमचं इंदूर 2017 पासून स्वच्छतेत पहिलं येऊ लागलं, रस्त्यावरच्या कचराकुंड्या गेल्या, त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण आमच्या कॉलनीत कुंडीवर पोट भरणारी कुत्री तेव्हापासून आमच्या ओट्यांकडे बघू लागली, हेही मी पाहिलं आहे. पोळी घातली की आपलं समाधान होतं. त्यातलं एखादं गाडीखाली येऊन पाय मोडून पडलं, की मात्र आपण म्हणतो, "अरेरे, कुणीतरी काहीतरी करायला पाहिजे." 'फोस्टर' म्हणतात ते काम इथे सुरू होतं.

शब्द इंग्रजी आहे, पण गोष्ट आपली आहे. मी त्याला माहेरपण म्हणते. आजारी, जखमी किंवा आई गमावलेलं जनावर काही दिवसांसाठी घरी आणायचं, बरं करायचं, माणसांची सवय लावायची आणि चांगलं घर बघून पाठवणी करायची. पाळणं वेगळं. आमच्याकडे पाळलेली एकच, राणी, वय वर्षं तेरा, आता दिसतं कमी आणि रुसते जास्त. बाकीचे सगळे पाहुणे. आजवर एकवीस येऊन गेले.

पहिलं पिल्लू आणलं तेव्हा सासूबाई होत्या. त्यांनी एकच सांगितलं, "स्वयंपाकघर आणि देवघर, या दोन उंबऱ्यांच्या आत नाही." मला तेव्हा राग आला होता. पुढे डॉक्टरांनी समजावलं की बाहेरून आलेल्या जनावराला पहिले दोन आठवडे घरातल्या जनावरापासून वेगळंच ठेवायचं असतं. म्हणजे सासूबाईंच्या सोवळ्याने राणीचं रक्षणच झालं. मागच्या व्हरांड्यात गोणपाट, जुनी साडी, एक पुठ्ठ्याचं खोकं, वेगळी भांडी, वेगळा झाडू. एवढी व्यवस्था पुरते.

या वेगळं ठेवण्याला मी उगाच महत्त्व देत नाही. पार्व्हो नावाचा पिल्लांचा रोग आहे. उलट्या, रक्ताची हगवण, आणि लस न झालेलं पिल्लू दोन-तीन दिवसांत हातातून जातं. त्याचा विषाणू फरशीवर, मातीत, चपलेला महिनोन् महिने राहतो आणि आपल्या नेहमीच्या फिनाईलने तो मरत नाही. मला हे माहीत नव्हतं. एक पिल्लू त्याने गेलं. मी व्हरांडा फिनाईलने लख्ख धुतला आणि महिन्याभराने त्याच जागी दुसरं आणून ठेवलं. तेही गेलं. ते माझ्यामुळे गेलं, हे मला डॉक्टरांनी सांगावं लागलं नाही. आता एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी करून जागा भिजवते, दहा मिनिटं तशीच ठेवते, मग धुते. तरीसुद्धा ज्यांच्या घरी पार्व्हो होऊन गेला आहे, त्यांनी लस पूर्ण न झालेलं पिल्लू आणूच नये.

आई नसलेलं अगदी लहान पिल्लू सापडलं तर आपला पहिला हात दुधाच्या भांड्याकडे जातो. तो थांबवा. गार पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. आधी ऊब द्यायची, गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवायची, आणि अंग गरम झाल्यावरच पाजायचं. गायीच्या दुधाने बऱ्याच पिल्लांना जुलाब होतात. पिल्लांसाठीची दुधाची पावडर मिळते, ती आणावी. पाजताना पिल्लू पोटावर, आईजवळ पितं तसं. आपण बाळाला मांडीवर उताणं घेऊन पाजतो तसं कधीच नाही, दूध फुप्फुसात जातं. आणि साधारण तीन आठवड्यांपर्यंत त्यांना शी-शू आपली आपण होत नाही. आई चाटते म्हणून होते. आई नसेल तर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने ते काम आपण करायचं, दर पाजण्याच्या वेळी, रात्रीसुद्धा. आमचे हे म्हणतात की स्वतःच्या मुलांच्या वेळी मी इतकं जागले नव्हते. खरं आहे. तेव्हा सासूबाई जागत होत्या.

घरातल्या लहानांना एक समजावून ठेवा. प्रसादाचा शिरा कुत्र्याला द्यायचा नाही, कारण त्यात बेदाणे असतात. द्राक्षं आणि बेदाणे त्यांच्या मूत्रपिंडांना घातक आहेत. चॉकलेट आणि कांदा-लसूणही नाही. अंग गरम लागलं म्हणून घरातली पॅरासिटामॉल तर मुळीच नाही. कुत्र्याचं नेहमीचं तापमानच 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं, आपल्या हाताला ते गरमच लागणार.

आणि चावा. प्रेमाने सांभाळलेलं जनावरही दुखलं की चावतं. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची, घड्याळ लावून. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही. त्याच दिवशी दवाखान्यात जायचं आणि लशीचे सगळे डोस पूर्ण करायचे, मधेच "आता बरं आहे" म्हणून सोडायचे नाहीत. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस वाचणं जवळजवळ अशक्य असतं. मी स्वतः आधीच घ्यायची लस घेतली आहे. फोस्टरचं मनात असेल त्यांनी डॉक्टरांना विचारून घ्यावी.

आता जिरावणबद्दल लिहिते. खरं तर हा पाठ लिहायला बसले ती त्याच्यासाठीच.

पाच महिन्यांचा कुत्रा, अंगावर पोह्यांवर भुरभुरवल्यासारखे तपकिरी-काळे ठिपके, म्हणून नातवाने नाव ठेवलं जिरावण. (बेळगाव-गोव्याच्या मंडळींसाठी: जिरावण म्हणजे आमच्याकडे पोह्यांवर घालतात तो मसाला.) दुचाकीच्या धडकेत मागचा उजवा पाय मोडला होता. हाड जुळलं, पण वाकडं. तो पाय तो टेकायचाच नाही. तीन पायांवर पळायचा, आणि असा पळायचा की राणी नुसतं बघूनच दमायची.

दोन महिन्यांनी तो पाठवणीला तयार झाला. अशा वेळी फोटोवर सगळं अवलंबून असतं. लोक आधी फोटो बघतात, मग वाचतात, तेही वाचलं तर. मी सकाळी सातच्या उन्हात त्याला ओट्यावर शेवंतीच्या कुंड्यांजवळ बसवलं. तो वाकडा पाय कुंडीमागे गेला. गेला म्हणजे, तो जाईपर्यंत मी थांबले.

फार सुंदर फोटो आला. एका दिवसात नऊ जणांनी विचारलं. शहराच्या दुसऱ्या टोकाचं एक कुटुंब संध्याकाळी गाडी घेऊन आलं. मी जिरावणला टॉवेलमध्ये उचलूनच त्यांच्या मांडीवर दिला आणि म्हणाले, "पायाला लागलं होतं, आता बरं आहे." वाक्य खोटं नव्हतं. खरंही नव्हतं.

सहाव्या दिवशी तीच गाडी दारात. त्यांचा मुलगा म्हणाला, "आंटी, ये तो लंगड़ा है. बताना था ना." वडील ओशाळले होते. माणसं वाईट नव्हती. त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं आणि लिफ्ट नव्हती.

मी दोन दिवस त्यांच्यावरच चिडले होते. दयाच नाही लोकांना, असं बोलत घरभर फिरत होते. हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "मुलीचं लग्न ठरवताना दुखणं लपवलं की जे होतं तेच झालंय. त्यांना कशाला बोलतेस?"

फोस्टर करणारी मंडळी तीनाचा हिशोब सांगतात. नवीन घरात पहिले तीन दिवस जनावर भेदरलेलं असतं, तीन आठवड्यांनी त्याला घराचा दिनक्रम कळतो आणि तीन महिन्यांनी ते घर त्याला आपलं वाटू लागतं. जिरावणचा हा हिशोब माझ्यामुळे दुसऱ्यांदा एकापासून सुरू झाला. तो वॉशिंग मशीनमागे भिंतीकडे तोंड करून बसायचा. तिसऱ्या दिवशी जेवला. गाडीचं दार वाजलं की थरथर कापायचा, जे आधी कधीच करत नव्हता. माझ्या हाताला मात्र पूर्वीसारखाच चाटायचा, आणि तेच मला सहन होत नव्हतं.

त्यानंतर मी फोटोंची पद्धत बदलली. ज्यांना उपयोग होईल त्यांच्यासाठी सांगते. फोन त्याच्या डोळ्यांच्या उंचीला हवा, म्हणजे आपण फरशीवर बसायचं, गुडघे दुखत असतील तर पायरीवर. वरून काढलेल्या फोटोत कुत्रा बिचारा दिसतो आणि बिचाऱ्याला लोक फक्त 'सो सॅड' लिहितात. फ्लॅश बंद, डोळे हिरवे चमकतात. दुपारचं ऊन नको, सकाळची सावली बरी. काळा कुत्रा असेल तर त्याच्या तोंडावर बोट टेकवून उजेड थोडा वाढवा, नाहीतर नुसता काळा ढीग दिसतो. समोर धरलेला फोन त्यांना टक लावून बघणाऱ्या डोळ्यासारखा वाटतो. तो सारखी जीभ ओठांवरून फिरवायला लागला, जांभया देऊ लागला किंवा तोंड फिरवलं, तर तो झोपेत नाही, घाबरला आहे. फोन ठेवा, उद्या काढा. फोटो तीन हवेत: एक चेहऱ्याचा, एक कुणाच्या तरी पायाशी उभा म्हणजे उंची कळते, आणि तिसरा जे कमी आहे त्याचा. खरूज, फुटलेला डोळा, वाकडा पाय, जे असेल ते स्वच्छ उजेडात.

जिरावणचा तिसरा फोटो मागच्या मैदानात काढला, पळताना, वाकडा पाय हवेत. खाली लिहिलं: "हा पाय असाच राहणार. तीन पायांवर पळतो. जिने चढवत नाही. गाडीच्या आवाजाला घाबरतो."

या वेळी नऊ चौकशा आल्या नाहीत. पाच आठवड्यांत एकच आली, देवासहून. मधल्या काळात मी दोनदा तो फोटो काढून टाकायला निघाले होते, कबूल करते. हे म्हणाले, राहू दे आपल्याकडेच. मलाही तेच हवं होतं. पण व्हरांड्यात जागा एकच आहे. तो राहिला असता तर पुढचं पिल्लू आत आलं नसतं. देवासच्या बाईंनी फोनवर विचारलं, औषध काही चालू आहे का, थंडीत पाय दुखतो का. मग दोघं नवरा-बायको दोनदा येऊन त्याच्याशेजारी जमिनीवर बसून गेले. त्यांचं घर बैठं होतं. नसबंदीचा आणि लशींचा कागद त्यांनी मागून घेतला. पाठवणीच्या दिवशी मी त्याला उचलला नाही. तो तीन पायांवर स्वतः फाटकापर्यंत गेला आणि गाडीपाशी अडला. त्या बाई खाली बसल्या आणि बसूनच राहिल्या. वीस मिनिटं गेली. मग तो चढला.

गेल्या दिवाळीत त्यांनी एक फोटो पाठवला. हललेला, कोपऱ्यात अर्धं बोट आलेलं, फ्लॅशसुद्धा मारलेला. बाहेर फटाके चालू असणार. पलंगाखाली रजईची घडी आहे आणि तिच्यावर जिरावण झोपला आहे, वाकडा पाय बाहेर पसरून. तो फोटो मी बालसंस्कार वर्गात त्या मुलीला दाखवला. ती आता चौथीत आहे, तिला स्वतःचा प्रश्न आठवतही नव्हता.

सध्या व्हरांड्यात दोन पिल्लं आहेत, एक पांढरी मादी आणि एक भुरा नर. पहिली लस झाली आहे, दुसरी पुढच्या आठवड्यात. फोटो रविवारी टाकते. पांढरीला बहुतेक ऐकू येत नाही. मागून टाळी वाजवली तर ती वळून बघत नाही, भुरा लगेच बघतो. डॉक्टरांकडे नेऊन खात्री करून घेईन आणि तेही फोटोखाली लिहीन. कुणाकडे जुन्या चादरी किंवा गोणपाट असतील तर कळवा, आमच्या ह्यांना आणायला पाठवते.