टायर वाढवावा की रिम?

प्रश्न : माझी महिंद्रा थार १६ इंची स्टील रिमवर आहे. रोजचा रस्ता ठाणे-बेलापूर. पावसाळ्यात एखाद्या रविवारी लोणावळ्याहून राजमाचीची कच्ची वाट. लिफ्ट किट नको आहे. नुसती १८ इंची अलॉय आणि मोठे टायर घातले तर गाडी उंच होईल का? किती मोठे चालतील?
— एक वाचक, पावणे

उत्तर : होईल, पण करंगळीच्या निम्म्या जाडीइतकी!

तुमच्या टायरवर २४५/७५ आर १६ लिहिलेलं असेल. म्हणजे रुंदी २४५ मिमी, साइडवॉलची उंची तिच्या ७५ टक्के, म्हणजे १८४ मिमी, आणि रिम १६ इंची. वरची आणि खालची साइडवॉल रिममध्ये मिळवली की टायरची पूर्ण उंची येते ७७४ मिमी. महिंद्राच वरच्या थारला २५५/६५ आर १८ देते. त्याची उंची ७८९ मिमी. फरक १५ मिमी. त्यातला निम्मा अॅक्सलच्या वर जातो, म्हणून गाडीखालची जागा वाढते जेमतेम साडेसात मिमी. बदल्यात साइडवॉल १८४ वरून १६६ मिमीवर येते. राजमाचीच्या दगडधोंड्यांत तर तीच कामाला येते : हवा थोडी कमी केली की टायर पसरतो, दगडाला धरतो आणि धक्का स्वतः सोसतो. खड्ड्यात रिमला मार बसण्याची भीतीही कमी. (हायवेला लागण्यापूर्वी हवा पुन्हा भरायची, हे आलंच.)

उंचीच हवी असेल तर रिम तीच ठेवून टायर वाढवावा लागतो. समजा २६५/७५ आर १६ घेतला. उंची ८०४ मिमी, म्हणजे गाडीखाली १५ मिमी जास्त जागा. पण चाकाचा घेर सुमारे चार टक्के वाढतो. स्पीडोमीटर मूळ मापाला अचूक असेल, तर काटा ८० दाखवेल तेव्हा गाडी ८३ ने पळत असेल. जड चाक फिरवायला आणि थांबवायला जास्त जोर लागतो. चढणीवर तिसऱ्याऐवजी दुसरा गिअर टाकावा लागला तर नवल नाही.

लिफ्ट नसलेल्या गाडीत खरी अडचण घासण्याची. दुकानात सपाट फरशीवर सगळं छान दिसतं. म्हणून पैसे देण्याआधी एकच चाक बसवून बघा : पुढचं चाक उंचवट्यावर चढवून सस्पेन्शन दाबायचं, मग स्टीअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत वळवायचं. मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकला किंवा चेसीला टायर लागला, तर ते माप तुमच्या गाडीचं नाही. ‘स्पेसर टाकून चाक बाहेर काढू’ असं कोणी सुचवेल. त्याने बेअरिंगवरचा ताण वाढतो आणि चिखल थेट दारांवर उडतो.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ कारखान्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना आडवं येतं. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितलं. अपघातानंतर विमा कंपनीचा सर्वेअर चाकांकडे बघतो, हे लक्षात असू द्या.

माझा सल्ला : माप २४५/७५ आर १६ च ठेवा, नक्षी बदला. ऑल-टेरेन, म्हणजे एटी टायर घ्या. त्यावरचा भारांक आणि वेगाचं अक्षर मूळ टायरपेक्षा कमी नसावं. १८ इंचीचा मोह आवरतच नसेल, तर २५५/६५ आर १८ हेच कारखान्याचं माप धरा आणि आधी सर्व्हिस सेंटरमध्ये खात्री करून घ्या.

आणि बजेट चार टायरचं नको, पाचांचं करा. फोर-व्हील-ड्राइव्हमध्ये एक चाक वेगळ्या घेराचं असलं तर गिअर आणि डिफरन्शियलवर ताण येतो. मागच्या दारावरची जुनी स्टेपनी नेमकी राजमाचीच्या अर्ध्या वाटेवर लावावी लागते.