व्होल्टेज कमी झालं की करंट कमी होतो, मग मोटार का जळते?



शिरड शहापूर परिसरातल्या मुलांना कमी व्होल्टेज समजावून सांगावं लागत नाही. रब्बीत गव्हा-हरभऱ्याच्या, हळदीच्या पाण्यासाठी सगळ्यांच्या मोटारी एकदम चालू झाल्या, की घरातला पंखा मंदावतो हे त्यांनी पाहिलेलं असतं. पण तीच मुलं वहीत गणित सोडवताना एक चूक हमखास करतात. आजचा पाठ त्या चुकीबद्दल आहे.

आधी दोन सूत्रं फळ्यावर लिहू.

रोध = विभवांतर ÷ विद्युतधारा
विद्युत शक्ती = विभवांतर × विद्युतधारा

विभवांतर व्होल्टमध्ये, धारा अँपिअरमध्ये, रोध ओहममध्ये आणि शक्ती वॅटमध्ये. ज्यांच्या नावाने हे एकक आहे ते जर्मनीचे जॉर्ज सायमन ओहम स्वतः शाळेत गणित व भौतिकशास्त्र शिकवत. १८२७ साली त्यांनी आपला नियम पुस्तकातून मांडला. तापमान व इतर भौतिक अवस्था कायम असेल, तर वाहकातली धारा विभवांतराच्या प्रमाणात बदलते, एवढंच तो सांगतो.

उदाहरण १. पाणी तापवायचा रॉड २३० व्होल्टवर ५ अँपिअर धारा घेतो. रोध व शक्ती काढा.

रोध = २३० ÷ ५ = ४६ ओहम
शक्ती = २३० × ५ = ११५० वॅट

इथपर्यंत सगळ्यांना जमतं.

उदाहरण २. संध्याकाळी व्होल्टेज १८४ झालं. आता शक्ती किती?

बरीच मुलं लगेच लिहितात: १८४ × ५ = ९२० वॅट. हीच ती चूक. व्होल्टेज नवीन घेतलं, पण धारा जुनीच ठेवली! रॉड तोच आहे, म्हणजे कायम राहतो तो रोध, धारा नव्हे. म्हणून आधी धारा काढायची.

धारा = १८४ ÷ ४६ = ४ अँपिअर
शक्ती = १८४ × ४ = ७३६ वॅट

व्होल्टेज २० टक्के घटलं, पण शक्ती ३६ टक्के घटली. कारण व्होल्टेजबरोबर धाराही घटली. जे पाणी २० मिनिटांत तापायचं, त्याला आता ३१ मिनिटांच्या वर लागतील. पालकांनी इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. कमी व्होल्टेजमुळे बिल वाचत नाही. पाणी तापायला लागणारी ऊर्जा तेवढीच असते. उलट जास्त वेळात थोडी उष्णता बाहेर निघून जाते.

शिक्षकांसाठी एक सूचना: या उदाहरणात जुना तारेचा बल्ब घेऊ नका. त्याची तार तापली की रोध थंड असतानाच्या कितीतरी पट होतो, आणि गणित चुकतं. रॉडमधल्या नायक्रोमच्या तारेचा रोध तापल्यावर फारसा बदलत नाही.

आता वर्गातला हुशार मुलगा विचारणारच, "सर, व्होल्टेज कमी झालं की करंट कमी होतो, मग आमची मोटार जळती कशी?"

या प्रश्नाला "ते पुढच्या वर्गात" असं उत्तर देऊ नका. मोटार म्हणजे नुसता रोध नाही. ती फिरताना तिच्या आत उलट्या दिशेचं विभवांतर तयार होतं आणि ते धारेला आवरून धरतं. व्होल्टेज पडलं तरी पाण्याचा भार मानेवर असतोच. मोटार मंदावते, आतला विरोध कमी पडतो आणि ती जास्त करंट ओढते. वाइंडिंगमधली उष्णता मात्र धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा करंट सव्वापट झाला, तर उष्णता १.२५ × १.२५, म्हणजे दीडपटीहून जास्त. अशाने वाइंडिंग जळतं. म्हणून कमी व्होल्टेजवर स्टार्टर पुन्हा पुन्हा दाबू नये.

उदाहरण ३. हे गणित गुणांसाठी नाही. ओल्या अंगाचा रोध साधारण १००० ओहमपर्यंत खाली येऊ शकतो. ओल्या हाताने, अनवाणी पायाने २३० व्होल्टच्या तारेला हात लागला तर?

धारा = २३० ÷ १००० = ०.२३ अँपिअर

रॉडच्या ५ अँपिअरपुढे हा आकडा किरकोळ वाटतो. पण हृदयाची लय बिघडायला तो पुरेसा आहे. माणसाच्या संरक्षणासाठी घरात बसवतात तो ईएलसीबी ०.०३ अँपिअरच्या गळतीलाच वीज तोडतो. आणि आपला ५ अँपिअरचा फ्यूज? ०.२३ अँपिअरला तो वितळणारच नाही. फ्यूज वायरिंग वाचवतो, माणूस नाही. मुलांकडून हे वाक्य वहीत लिहून घ्या. रॉड चालू असताना बादलीत बोट घालून पाणी पाहणं, ओल्या बांधावरून येऊन तसंच स्टार्टरला हात लावणं, या सवयी अशा गणिताने सुटतात. नुसत्या रागावण्याने नाही.

घरचा अभ्यास: इस्त्री किंवा रॉडवरच्या पट्टीवर लिहिलेले व्होल्ट आणि वॅट पाहा. वॅटला व्होल्टने भागून धारा काढा, मग रोध काढा. वस्तू प्लगमधून काढलेली असावी आणि सोबत मोठं माणूस असावं. पालकहो, त्या वेळी पाच मिनिटं तुम्हीही शेजारी बसा. आणि घरात ईएलसीबी आहे का, तेही त्याच वेळी पाहून घ्या.