पांढरी पूड आणि पिवळा रंग
वाचन: २ राजे २:१९-२२



यरीहो नगराची जागा चांगली होती, पण पाणी वाईट होते. नगरवासीयांनी गाऱ्हाणे सांगितले तेव्हा अलीशाने नव्या पात्रात मीठ मागवले, तो झऱ्याच्या उगमाशी गेला आणि त्याने ते तेथे टाकले. पाणी बरे झाले. मीठ किती होते हे शास्त्र सांगत नाही, कारण बरे करणारा देव होता. आपल्या विहिरीत जी पांढरी पूड पडते, तिचे माप मात्र कोणाला तरी ठाऊक असावे लागते. तो माणूस म्हणजे ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक. आजचा पाठ त्याच्याविषयी आहे.

जव्हार-मोखाड्याकडच्या पाड्यांवर मी या मंडळींसोबत बसते. मोटार चालू करणे, व्हॉल्व्ह फिरवणे, फुटलेला पाइप जोडणे यांत ते तरबेज आहेत. टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकायची हेही सर्वांना माहीत आहे. का टाकायची असे विचारले की उत्तर येते, "पाणी साफ होतं, ताई."

घोटाळा येथेच आहे. टीसीएलने गढूळ पाणी निवळत नाही. ते काम तुरटीचे. टीसीएलमधला क्लोरीन जंतू मारतो, आणि कॉलरा, विषमज्वर, कावीळ यांचे जंतू नितळ पाण्यातही असतात. म्हणून "पाणी नितळ आहे, आज पावडर नको" हा हिशेब चुकतो. उलट पहिल्या पावसाच्या गढूळ पाण्यात बराचसा क्लोरीन त्या घाणीतच खर्ची पडतो आणि जंतूंसाठी थोडाच उरतो.

मापाचेही तसेच. साधारण नियम असा: हजार लिटर पाण्याला अडीच ग्रॅम चांगली पावडर. गोल विहिरीचा व्यास मीटरमध्ये घ्यावा, त्याला त्यानेच गुणावे, मग पाण्याच्या खोलीने आणि शेवटी ७८५ ने गुणावे, म्हणजे लिटर मिळतात. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल तर सुमारे २८,००० लिटर, म्हणजे ७० ग्रॅम पावडर. एप्रिलमध्ये त्याच विहिरीत मीटरभरच पाणी उरले तर जेमतेम १८ ग्रॅम. मूठ मात्र बारा महिने तीच असते.

शिवाय ताज्या पावडरीत क्लोरीन सुमारे ३३ टक्के असतो. ओल, ऊन आणि उघडे पोते यांमुळे तो उडून जातो. २० टक्क्यांखाली गेलेली पावडर बाद धरतात. आमच्याकडच्या पावसात पंपघरातले अर्धे उघडे पोते किती दिवस टिकणार? वास येतो म्हणून ती चांगली, असे पुष्कळांना वाटते. पण वासावरून जोर कळत नाही.

टाकण्याची रीत सोपी आहे. प्लास्टिकच्या बादलीत पावडरीची पातळ लापशी करावी, पाणी घालून ढवळावे, दहा-पंधरा मिनिटे स्थिर ठेवावे. चुन्याचा साका खाली बसला की वरचे निवळ पाणी तेवढे विहिरीत किंवा टाकीत सोडावे. साका टाकू नये. त्यानंतर निदान अर्धा तास पाणी सोडायचे नाही. क्लोरीनला काम करायला तेवढा वेळ लागतो, हे मी सांगेपर्यंत एका जलसुरक्षकाला कोणी सांगितलेच नव्हते. त्याला वाटे, अर्धा तास थांबायचे ते वास जावा म्हणून.

वासाची गोष्ट मोठी आहे. "चहाला औषधाचा वास येतो" अशी तक्रार त्याच सकाळी त्याच्या दारात येते. जुलाब लागलेले लेकरू मात्र चार दिवसांनी आरोग्य केंद्रात जाते, त्याच्या दारात नाही. तुटपुंज्या आणि उशिरा मिळणाऱ्या मानधनावर काम करणारा माणूस मग पावडर कमी करतो. याला मी अज्ञान म्हणणार नाही. तो गावाचे ऐकतो आहे. म्हणून प्रशिक्षण एकट्या जलसुरक्षकाला देऊन भागत नाही. नळावरच्या बायकांनाही कळले पाहिजे की किंचित वास ही राखणीची खूण आहे.

राखण खरोखर आहे का, हे ओटी चाचणीने कळते. नळीत पाणी घेऊन थेंब टाकले की पिवळा रंग येतो. रंग नाही म्हणजे क्लोरीन नाही. लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा, आणि तोही शेवटच्या घराच्या नळाला. (तपासलेले पाणी पिऊ नये, विहिरीजवळही ओतू नये, ते रसायन अपायकारक आहे.) एका गावी आम्ही टाकीखालचे आणि खालच्या पाड्याचे पाणी शेजारी शेजारी धरले. पहिले पिवळे झाले, दुसरे जसेच्या तसे राहिले. जलसुरक्षक बराच वेळ पाहत राहिला. "म्हणजे खालच्यांना मी नुसतंच पाणी देतोय," तो म्हणाला. त्याच आठवड्यात त्याने माप वाढवले आणि शेवटच्या नळावर रोज तपासणी सुरू केली.

पुष्कळ मंडळ्या आम्हांला विचारतात, फिल्टरचे यंत्र देऊ का? भावना मोलाची आहे. पण वीज गेली, काडतूस संपले की यंत्र कोपऱ्यात पडते. माझे मत विचाराल तर यंत्राआधी एक घट्ट झाकणाचा प्लास्टिक डबा, छोटा तराजू, दोन बादल्या आणि ओटीची बाटली द्या. पाड्यावरच्या आपल्या विश्वासी कुटुंबांनी ग्रामसभेत दोन गोष्टी विचाराव्यात: पावडर कोणत्या महिन्यात आली, आणि जलसुरक्षकाचे मानधन कोणत्या महिन्यापर्यंत दिले आहे. पाऊस सुरू होण्याआधी विचारले तर बरे.