शब्दाचा पत्ता शब्दातच

शब्दकोशात ‘फणस’ हा शब्द पाहायचा असेल, तर आपण पहिल्या पानापासून वाचत बसत नाही. मधले एखादे पान उघडतो, ‘फ’ त्याच्या मागे आहे की पुढे हे पाहतो आणि उरलेल्या अर्ध्या भागात पुन्हा तेच करतो. या रीतीने एक लाख शब्दांतून हवा तो शब्द फार तर १७ तुलनांत सापडतो, कारण २ चा १७ वा घात १,३१,०७२ आहे. ओळीने शोधत गेलो तर सरासरी ५०,००० तुलना कराव्या लागतील.

मात्र या सोयीसाठी सारे शब्द सदैव अकारविल्हे लावलेले असावे लागतात. संगणकाच्या स्मृतीत ते एकापुढे एक ठेवले असतील, तर मध्येच नवा शब्द आला की पुढचे हजारो शब्द एकेक जागा सरकवावे लागतात. मग असे नाही का करता येणार, की शब्द शोधायचाच नाही. त्याची जागा गणिताने काढायची आणि थेट तेथे जायचे? आयबीएम कंपनीतील हान्स पीटर लून यांनी ही कल्पना जानेवारी १९५३ मध्ये एका टिपणात मांडली. अशा रीतीने भरलेल्या कोष्टकाला आज ‘हॅश टेबल’ म्हणतात. इंग्रजीत ‘हॅश’ म्हणजे बारीक चिरून कालवणे. येथे शब्दाची अक्षरे सुटी करून त्यांचा एक आकडा कालवायचा असतो.

बाकीची करामत

कागद-पेन्सिल घ्या. व्यंजनांना ओळीने क्रमांक द्या : क १, ख २, ग ३, असे म २५ पर्यंत; पुढे य २६, र २७, ल २८, व २९, श ३०, ष ३१, स ३२, ह ३३, ळ ३४. आता ० ते १० अशी ११ घरे आखा. शब्दातील अक्षरांच्या क्रमांकांची बेरीज करा, तिला ११ ने भागा. जी बाकी उरेल ते त्या शब्दाचे घर.

मगर : २५ + ३ + २७ = ५५, बाकी ०
फणस : २२ + १५ + ३२ = ६९, बाकी ३
नगर : २० + ३ + २७ = ५०, बाकी ६
बदक : २३ + १८ + १ = ४२, बाकी ९
कमल : १ + २५ + २८ = ५४, बाकी १०

‘बदक’ यादीत आहे का, असे कोणी विचारले तर पुन्हा तीच बेरीज करा, ९ क्रमांकाचे घर उघडा, की झाले! यादी पाच शब्दांची असो वा पाच लाखांची, बेरजेचे श्रम तेवढेच.

आता ‘कलम’ हा शब्द घ्या. बेरीज ५४, बाकी १०. पण तेथे ‘कमल’ आधीच बसले आहे! याला टक्कर म्हणतात. यावर लून यांनीच सुचवलेला उपाय म्हणजे साखळी : एका घरात येणारे शब्द एकामागे एक जोडत जायचे आणि त्या घरापुरते ओळीने शोधायचे.

सी भाषेत हे कसे करतात?

पायथनसारख्या भाषांत असे कोष्टक तयार मिळते. सी भाषेत मात्र ते आपणच बांधावे लागते. घरांसाठी पॉइंटरांचा एक ॲरे घ्यायचा. सुरुवातीला सारी घरे रिकामी. साखळीचा प्रत्येक दुवा म्हणजे एक स्ट्रक्चर. त्यात शब्द आणि पुढच्या दुव्याचा पत्ता ठेवायचा. दोन पथ्ये पाळा. पहिले, घर काढण्याचा आकडा बिनचिन्ह ठेवा. तो ऋण झाला तर बाकीही ऋण येऊ शकते, आणि ऋण क्रमांकाचे घर ॲरेत नसते. दुसरे, घर सापडले म्हणजे शब्द सापडला असे नव्हे. आतला शब्द अक्षरशः ताडून पाहा. सी भाषेत बरोबरीच्या दुहेरी चिन्हाने शब्दांचे फक्त स्मृतीतील पत्ते ताडले जातात. अक्षरे ताडायला वेगळे फंक्शन वापरावे लागते.

नुसत्या बेरजेचा दोष तुमच्या ध्यानात आलाच असेल : तिला अक्षरांचा क्रम कळत नाही. ब्रायन कर्निगन आणि डेनिस रिची यांच्या सी भाषेवरील प्रसिद्ध पुस्तकाच्या १९७८ च्या आवृत्तीत हीच रीत होती. १९८८ च्या दुसऱ्या आवृत्तीत ती बदलली : आतापर्यंतच्या आकड्याला ३१ ने गुणायचे, मग पुढचे अक्षर मिळवायचे. त्याप्रमाणे ‘कमल’चा आकडा १, ५६, १७६४ असा वाढतो आणि बाकी ४ येते. ‘कलम’चा १, ५९, १८५४ असा वाढतो आणि बाकी ६. दोघांची फारकत झाली!

तरीही टक्कर पुरती टळत नाही. वर्गात २३ मुले असली, तर त्यांतील कोणा दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून थोडी अधिक असते; आणि तेथे तर घरे ३६५ आहेत. म्हणून टक्कर होणारच असे धरून चालायचे आणि साखळ्या आखूड ठेवायच्या. एक लाख शब्दांना १०१ घरे दिली तर प्रत्येक साखळी सुमारे ९९० शब्दांची होईल. घरेही लाखभर दिली आणि शब्द नीट विखुरले, तर असलेला शब्द सरासरी दीड तुलनेत सापडतो. कोष्टक भरत आले की घरे दुप्पट करून सारे शब्द नव्याने बसवतात.

कोणी मुद्दाम टक्कर घडवली तर?

‘शक’ आणि ‘वस’ यांचे आकडे ३१ च्या रीतीने काढा. दोन्ही ९३१! आकडेच सारखे, मग घरे कितीही असोत. शिवाय ‘शकशक’, ‘शकवस’, ‘वसशक’, ‘वसवस’ यांचेही आकडे आपसांत सारखेच येतात. अशा दहा जोड्या ओवल्या की १०२४ अक्षरमाळा एकाच घरात! असली १०,००० नावे एका साखळीत घालायची, तर प्रत्येक नाव आधीच्या सर्वांशी ताडावे लागते. एकूण तुलना जवळजवळ ५ कोटी. डिसेंबर २०११ मध्ये बर्लिनच्या परिषदेत अलेक्झांडर क्लिंक आणि युलियान व्हेल्डे यांनी दाखवून दिले, की अशी नावे पाठवून संकेतस्थळ चालवणारा संगणक जखडून टाकता येतो. यावर उपाय म्हणजे आकडा काढताना एक गुप्त संख्या मिसळणे. ती ठाऊक नसेल तर कोणती नावे आदळतील हे बाहेरच्याला सांगता येत नाही. ज्याँ-फिलिप ओमासाँ आणि डॅनियल बर्नस्टाइन यांनी २०१२ मध्ये त्यासाठी ‘सिपहॅश’ ही रीत दिली.

करून पाहा : वरील सहाही शब्दांची घरे ३१ च्या रीतीने काढा. पूर्वी वेगवेगळ्या घरांत राहणारे तीन शब्द आता एकाच घरात आलेले दिसतील. ते कोणते? मग ११ ऐवजी १३ घरे घ्या. ते तिघे वेगळे होतील, पण त्यांपैकी एकाची वेगळ्याच एका शब्दाशी गाठ पडेल. त्या दोघांना शोधून काढा.